रंग सुटतो तरी कुठून?
(गाडीच्या पत्र्यावरचे आणि अलॉय व्हीलवरचे पोपडे : कारणं आणि इलाज)

कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा सबमिशनची घाई बाजूला ठेवून निरखून पाहा. कुणाच्या टपावर पांढरट नकाशे उमटलेले दिसतील. कुणाच्या बोनेटवरून कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा निघत असेल. आणि ज्याने हौसेने अलॉय व्हील बसवलीत, त्याच्या चाकावर वाळवी लागल्यासारख्या बारीक वाकड्यातिकड्या रेघा असतील.

यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. "चालतंय रे, इंजिन चांगलं आहे ना!" हे एक. "स्प्रेचा डबा आण, रविवारी मारून टाकू," हे दुसरं. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात उत्साह आहे, पण रंग सुटला का, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. तो न विचारता मारलेला नवा रंग जुन्या रंगाचा हात धरून खाली येतो. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

आधी सारवण, मग रंग

माझं घर किन्हवलीला, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडे अंगण सारवायचं असलं की आजी थेट शेणकाल्याला हात घालत नाही. आधी जुने सुटलेले पोपडे खरवडायचे, धूळ झाडायची, जमीन ओली करायची आणि मग सारवायचं. वाळलेल्या पोपड्यावर सारवलं तर नवा थर त्या पोपड्याला चिकटतो आणि पोपडा कशालाच चिकटलेला नसतो. दोन दिवसांत दोन्ही वर!

मित्रांनो, ‘अ‍ॅढेजन’ या विषयाचं पहिलं प्रकरण एवढंच आहे. रंगाची ताकद त्याच्या सगळ्यात कच्च्या जोडाएवढी असते. त्यामुळे सुटलेला रंग दिसला की पहिला प्रश्न असा, की नेमका कुठला जोड सुटला?

पत्र्यावर असतं तरी काय?

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर एक रंग नसतो, चांगले चार-पाच थर असतात. अगदी तळाला झिंक फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर. त्यावर ई-कोट, म्हणजे अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात बसवलेला प्रायमर. हा साधारण २० मायक्रॉन. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा दुसरा प्रायमर, मग रंग दाखवणारा बेस कोट, तो जेमतेम १५ मायक्रॉन आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक क्लिअर कोट, सुमारे ४० मायक्रॉन. सगळं मिळून १००-१२० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर दोन केसांच्या जाडीतच हा सगळा संसार आटोपतो.

प्रत्येक थराचं काम वेगळं. फॉस्फेट आणि ई-कोट गंज रोखतात. मधला प्रायमर खडीचा मार झेलतो आणि खालच्या थरापर्यंत ऊन पोहोचू देत नाही. बेस कोट फक्त दिसण्यासाठी. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. ही रसायनं वर्षानुवर्षं उन्हाला तोंड देत हळूहळू संपतात आणि मग क्लिअर कोट ठिसूळ होतो, दुधाळ होतो, सुटतो. टप आणि बोनेट आधी का जातात आणि दरवाजे मागून का, याचं उत्तर यातच आहे. आडव्या पत्र्यावर ऊन थेट पडतं.

मधला प्रायमर गाळला तर काय होतं, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या काही मॉडेल्सवर हा थर न देता ई-कोटवरच बेस कोट मारला जाई. ऊन वरच्या थरांतून आरपार जाऊन ई-कोटपर्यंत पोहोचलं, ई-कोटचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत झाला आणि त्यावरचा रंग अक्षरशः पत्र्या-पत्र्यांनी उडाला. प्रकरण कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेलं. बाहेरचा रंग चांगल्यातला होता, पाय मात्र ठिसूळ झाला होता.

नखाची तपासणी

आता आपल्या गाडीकडे या. सुटलेल्या जागेच्या कडेला नख लावा आणि खाली काय दिसतं ते पाहा.

१) खाली गाडीचाच रंग, पण निस्तेज दिसला, तर फक्त क्लिअर कोट सुटलाय. दिसायला वाईट, पण पत्रा सुरक्षित आहे.

२) खाली राखाडी किंवा काळपट गुळगुळीत थर दिसला, तर प्रायमरपासून वरचं सगळं सुटलंय.

३) खाली दुसराच रंग किंवा जाड पिवळट-राखाडी लांबी दिसली, तर गाडी आधी कुठेतरी ठोकलेली आहे आणि डेंटिंग-पेंटिंग करताना खालचा थर नीट घासलेला नाही. सेकंडहँड गाडी घेताना ही खूण फार कामाला येते.

४) खाली तांबूस गंज दिसला, तर रंग सुटून गंज आलेला नाही. गंजाने रंग उचललाय. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि रंगाला खालून ढकलतो. इथे रंगाआधी गंजाचा बंदोबस्त.

थोडं शास्त्रीय करायचं असेल तर ‘क्रॉस-कट’ चाचणी करा. ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारायच्या, अशा रंगासाठी दोन मिलिमीटर अंतराने, त्यावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची. किती चौकोन निघाले त्यावरून ० ते ५ असा गुणांक देतात. इथे शून्य मिळणारा पहिला येतो, हे आपल्या परीक्षांपेक्षा वेगळं! अर्थात रेघा अशाच जागी मारायच्या, जिथे नाहीतरी पुन्हा रंग द्यायचाय.

किन्हवलीची हवा आणि गाडीचा रंग

आमचा शहापूर तालुका म्हणजे तानसा, भातसा, मोडकसागर या धरणांचा, मुंबईला पाणी पाजणारा. पाऊस किती पडतो हे वेगळं सांगायला नको. जूनपासून चार महिने गाडी वाळतच नाही. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात, तो मडगार्डच्या आत आणि चाकाच्या फटींत जाऊन बसतो आणि ओल्या फडक्यासारखा पाणी धरून ठेवतो. डंपरमधून सांडलेली खडी टायरखालून उडून रंगाला टवके पाडते. एवढासा टवका म्हणजे पाण्याला मिळालेला दरवाजा.

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. सावली म्हणून आपण गाडी आंब्याखाली लावतो. आंब्याचा चीक आणि पाखरांची विष्ठा तापलेल्या क्लिअर कोटवर पडली की त्याला चरत जाते. दुपारच्या आत ओल्या फडक्याने पुसलं तर जातं, चार दिवस राहिलं तर कायमचा डाग.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरातच लक्षात येते. खताची गोणी गाडीतून आणली, थोडं सांडलं, पोर्चमध्ये पडून राहिलं. पोटॅश खत म्हणजे मुख्यतः पोटॅशियम क्लोराईड. गंजायला जे क्लोराईड समुद्राकाठच्या गाड्यांना वाऱ्यावर मिळतं, ते आपण गोणीतून घरी आणतो. डिकी आणि चाकं धुऊन टाकायची, एवढाच त्यावर उपाय.

चाकाची गोष्ट वेगळी

अलॉय व्हील म्हणजे बहुतेक वेळा ए-३५६ नावाचा मिश्रधातू. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि जेमतेम ०.३ टक्के मॅग्नेशियम. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साईडचा थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. म्हणून लोक म्हणतात, "अलॉयला गंज लागत नाही." लोखंडासारखा तांबडा गंज लागत नाही हे खरं. पण हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या आतच टिकतो. सोडा घालून घासलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं ते घरोघरी ठाऊक आहे. तेच चाकाचं होतं. कपड्याच्या साबणाची पावडर अल्कधर्मी असते, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड आम्लधर्मी आणि वर क्लोराईडवालं. दोन्ही चाकाला वर्ज्य.

वाळवीसारख्या त्या रेघांचं नाव ‘फिलिफॉर्म कोरोजन’. खडीने किंवा फुटपाथच्या कडेने लॅकरला टवका पडतो. दमट हवा आणि क्लोराईड आत शिरतं. रेघेचं डोकं धातू खात पुढे सरकतं आणि मागे पांढरी पूड सोडत जातं. ती पूड लॅकरला वर उचलते. म्हणून टवका एका जागी आणि पोपडा दोन इंच पुढे, असा प्रकार दिसतो. त्यात ब्रेक पॅडमधून उडणारी गरम लोखंडी धूळ आणि बॅलन्सिंगसाठी ठोकलेली लोखंडी वजनं असतात. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकत्र आले की बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजायचं असतं ते अ‍ॅल्युमिनियमने.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "असू दे की, चाक दिसायला खराब, एवढंच ना?" एवढंच नाही. आमच्या काकांनी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा चारही अलॉय नव्यासारखी चकाकत होती. गावात रात्री-अपरात्री कुणाला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं तर हीच गाडी निघते. पावसाळा सरता सरता एका चाकातली हवा दर आठवड्याला उतरू लागली. पंक्चरवाल्याने दोनदा पाहिलं, खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक. शेवटी चाक पाण्याच्या टाकीत घातलं तेव्हा बुडबुडे आले ते टायर आणि रिमच्या सांध्यातून. टायर उतरवल्यावर सगळा उलगडा झाला. टायरची कड जिथे रिमवर बसते, तिथे रंग सुटून आत पांढरी पूड धरली होती. आधी कुणीतरी घासाघीस न करता पोपड्यांवरूनच चंदेरी स्प्रे मारून चाकं ‘नवी’ केली होती.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवणारा सांधा तो हाच. तिथे रंगाचा एक पोपडा उचलला तरी हवेला वाट मिळते. हवा कमी झाली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, वाकून वाकून तापतात आणि वेगात असताना फुटतात. गावच्या रस्त्यावर ते कदाचित निभावेल. पण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आणि आता आमच्या तालुक्यातली गाडी घरातून निघाली की थोड्याच वेळात शंभराच्या वर धावू शकते. तिथे चाकाचा पोपडा हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

इलाज : पत्रा

फक्त क्लिअर कोट सुटला असेल तर पॉलिश, मेण, ‘जादूचं’ लोशन यांपैकी कशानेही तो परत बसत नाही. सुटलेल्या कडा पॉलिश पेपरने घासत जायचं, जोपर्यंत कड नखाला लागेनाशी होते आणि घट्ट थर सापडतो. सुरुवात १२० किंवा २२० नंबरने, मग ४००, शेवटी ६०० पाण्याबरोबर. धातू उघडा पडला तर तिथे इपॉक्सी प्रायमर. मग बेस आणि क्लिअर. क्लिअर मात्र तुकड्यावर मारून थांबू नका, पूर्ण पॅनेलवर मारा. मध्येच संपवलेल्या क्लिअरची कड हीच पुढच्या पोपड्याची सुरुवात.

रंगाआधीची एक फुकट चाचणी म्हणजे घासलेल्या पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब-थेंब होऊन फुटलं तर तेल, मेण किंवा डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन अजून आहे. पुन्हा धुवा. त्यानंतर बोटं लावू नका, बोटांनाही तेल असतं.

काम पावसाळ्यात काढू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घ्यायचीच नाही आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं. थर्मोडायनॅमिक्समधला सायक्रोमेट्रिक चार्ट इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो! आमच्याकडे दिवाळीनंतरची कोरडी दुपार यासाठी उत्तम, पहाटेचं दव टाळून.

इलाज : चाक

टायर उतरवूनच काम करायचं. टायरला कागद चिकटवून बाहेरून फवारलेला रंग सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. सुटलेलं सगळं लॅकर काढा, पांढरी पूड दिसते त्याच्याही पुढे, चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत. लोखंडी तारेचा ब्रश किंवा काथ्या वापरू नका, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नंतर तिथूनच बिघडतं. पॉलिश पेपर आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पुरे.

आता घाई हवी. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईड पुन्हा चढत असतो, म्हणून त्याच दिवशी, काही तासांतच प्रायमर बसायला हवा. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो आणि पुसल्या पुसल्या कथील फिरवतो, थांबत नाही. कारण हेच. इथे नवसागराचं काम एच प्रायमर करतो. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल धातूला किंचित चरून रंगाला पकड देतं. एक पथ्य मात्र पाळायचं. एच प्रायमरवर थेट पॉलिएस्टर लांबी भरायची नाही, ती धरत नाही. लांबी लागणारच असेल तर खाली इपॉक्सी प्रायमर घ्या.

रंग पातळ थरांत द्या. दोन जागा कोऱ्या ठेवा. चाक हबला जिथे टेकतं तो सपाट भाग आणि नट बसतात त्या खोबणी. तिथे जाड रंग राहिला तर नट रंगावर आवळले जातात, रंग दबतो आणि पकड ढिली होते. म्हणून चाक बसवल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचं आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं.

काकांच्या चाकाचं असंच केलं. टायरचा सांधा घासून, प्रायमर-रंग देऊन, नवा व्हॉल्व्ह घालून. त्यानंतर हवा टिकली.

काय करू नये

• चाकाला तडा असेल किंवा ते वाकलं असेल तर रंग हा इलाज नव्हे. वेल्डिंग तर नकोच. शंका असेल तर डाय पेनिट्रंट चाचणी करा. लाल डाय, मग पांढरा डेव्हलपर, तडा असला तर लाल रेघ उमटते. नवं चाक बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत फिरत्या भाराच्या आणि आघाताच्या चाचण्यांतून जातं. आपण रंगवलेलं चाक तिथे जात नाही, हे लक्षात ठेवा.

• गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढू नका. हा मिश्रधातू उष्णतेच्या प्रक्रियेने मुद्दाम कठीण केलेला असतो. शेवटची पायरी दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या आसपासची. ज्योतीने तो जागोजागी मऊ पडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

• टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. १९८४ च्या भोपाळमधला वायू त्याच घराण्यातला होता. हा त्याच्यापेक्षा जड आणि सहज न उडणारा असला, तरी गनमधून त्याचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते फुप्फुसात जातात. त्यातून जडलेला दमा आयुष्यभर सोबत करतो. हॉस्टेलच्या खोलीत, रुमाल बांधून हे काम अजिबात करायचं नाही. घासणं, धुणं, तपासणं आपण करावं. टू-केचा फवारा मात्र बूथ आणि बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क असलेल्या पेंटरकडे सोपवावा.

शेवटी

पेंटरकडे गाडी देताना आपण विचारतो, "रंग कुठला मारणार?" त्याऐवजी विचारा, "घासणार कुठपर्यंत? खाली प्रायमर कुठला? टायर उतरवणार का?" या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणारा माणूस कामाचा. आणि महिन्यातून एकदा, साध्या पाण्याने चाकं धुताना, प्रत्येक टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरशी ताडून पाहा. एकच चाक पुन्हा पुन्हा उतरत असेल तर खिळा शोधून झाल्यावर रिमचा सांधा बघा. पेट्रोल पंपावर या तपासणीला दोन मिनिटं लागतात.